बँकेसमोरचा चहा

आमच्या घरात ‘अहो’ हा शब्द फक्त मुलगी घरात असताना वापरला जायचा. ती शाळेत गेली, शिकवणीला गेली, खाली मैत्रिणीकडे गेली, की मी नवऱ्याला कशानेच हाक मारत नसे. काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचे. "गॅस संपत आलाय," असं भिंतीला सांगितलं की तो बुटाची नाडी बांधता बांधता "हं" म्हणायचा आणि संध्याकाळपर्यंत गॅस आलेला असायचा. त्या बाबतीत माणूस चोख. खोटं कशाला बोलू?

लोकांना वाटतं, नवरा-बायकोचं पटत नाही म्हणजे काहीतरी मोठं कारण असणार. आमच्याकडे तेही नव्हतं. दारू नाही, हात उगारणं नाही, बाहेर त्याची कोणी नाही की माझा कोणी नाही. असतं तर निदान चारचौघांत सांगायला बरं पडलं असतं. मी फटकळ. मनात आलं की ओठावर आलंच. आणि हा वजनकाटे दुरुस्त करणारा. दुकानोदुकानी जायचं, पारड्यात पितळी वजनं ठेवायची आणि काटा पुरता थांबेपर्यंत गप्प बसायचं, हे त्याचं काम. घरीही तेच. आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उद्या मिळायचं, तोवर मी प्रश्न विसरलेली असायचे. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. मग राग यायला लागला. मग त्याचा चमचा ताटाला लागला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्यालाही माझ्या आवाजाचं तसंच होत असणार, कारण मी स्वयंपाकघरातून बोलायला लागले की तो बाहेरच्या खोलीत रेडिओ जरासा मोठा करायचा. जरासाच. त्याचं सगळं मापात.

मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारी ती शेजारी खेळायला गेली होती आणि आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं. अगदी शांतपणे, भांडी घासायचा साबण आणायचं ठरवावं तसं. मला इतकं हलकं वाटलं की मी दोघांसाठी चहा टाकला. मग हिशेबाला बसलो आणि तिथेच गाडी अडली. दोन घरं, दोन भाडी, दोन चुली. त्याची आणि माझी कमाई मिळून ते कसंबसं भागलं असतं, पण मागे काही उरलं नसतं. आणि मागे काही उरलं नाही, तर मुलगी बारावीनंतर घरी बसणार, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं.

या एका बाबतीत आमचं कायम एकमत होतं. मला बारावी झाल्या झाल्या वडिलांनी "पुरे झालं आता" म्हणून दातांच्या लॅबमध्ये चिकटवलं. तेव्हापासून मी लोकांच्या कवळ्या करते. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, साचा भरायचा, गुलाबी कवळी बाहेर काढून घासून चकचकीत करायची. दिवसभर दुसऱ्यांचं हसू माझ्या हातात असतं आणि त्यातलं एकही मला हसता येत नाही, असं मी लॅबमध्ये म्हणते आणि सगळ्या हसतात. त्याचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष अर्ध्यावर सुटलं होतं, फी भरता आली नाही म्हणून. त्या वर्षासाठी घेतलेली लांब लाकडी पट्टी अजून माळ्यावर आहे. साफसफाईत मी सगळं फेकते, ती पट्टी पुसून परत ठेवते.

"ती कॉलेजला बाहेरगावी जाईपर्यंत," तो म्हणाला. उत्तर त्याच दिवशी दिलं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

"तोपर्यंत," मी म्हणाले. चहा गार झाला होता.

मग नियम ठरले. तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. रात्रीचं जेवण तिघांनी एकत्र. मी ‘अहो’ म्हणायचं, त्याने ‘अगं’ म्हणायचं. तिच्या वाढदिवसाला दोघांनी मिळून खरेदीला जायचं. हे सगळं जमलं. सवयीने काय जमत नाही? अवघड गेले ते पैसे. पैसे बाजूला टाकायचे म्हणजे विश्वास लागतो आणि त्याचीच तर बोंब होती. पहिल्याच वर्षी त्याने एकदा "भरले" म्हणून सांगितलं आणि त्या पैशांतून वजनांचा नवा संच घेतला. मी घर डोक्यावर घेतलं. पुढच्या महिन्यात माझी बहीण आजारी पडली आणि मीही माझ्या वाट्यातले थोडे तिकडे वळवले. ते त्याला कळलं, पण तो काही बोलला नाही, नुसतं बघितलं. त्याचं ते बघणं म्हणजे मी पारड्यात बसलेली. तेव्हापासून ठरलं की बँकेत दोघांनी मिळूनच जायचं. ज्याने त्याने आपला वाटा दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत काउंटरवर ठेवायचा. आणि दोघांच्या सह्यांशिवाय त्या खात्यातून दमडी निघणार नाही.

महिन्यातला एक शनिवार त्यासाठी राखलेला. बँक गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पैसे भरायला जेमतेम पाच मिनिटं लागायची आणि परतीची बस यायची तासाने. मग समोरच्या चहाच्या दुकानात बसून राहायचं. तो खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा, रस्त्याकडे तोंड करून. मी आत, भिंतीजवळ, पंख्याखाली. आपापला चहा, आपापले पैसे. बसमध्येही तो मागे, मी पुढे. आमच्या थांब्यावर उतरलो की मात्र एकमेकांसाठी थांबायचं आणि बरोबर चालत घरी यायचं, कारण मुलीला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशी गॅलरीत उभ्या असायच्या.

"आली बाई जोडी," मावशी वरून म्हणायच्या. "इतकी वर्षं झाली तरी नवरा बायकोला चहाला नेतो. आमच्या ह्यांनी तर मला कधी दवाखान्यातसुद्धा नेलं नाही."

मुलगी जिन्यातच धरायची. कुठे गेलात, काय केलंत, काय बोललात? मला सुचायचं नाही. मी पिशवी आवरायचं निमित्त करायचे. तो मात्र बूट काढता काढता सांगत सुटायचा. "तुझ्या आईच्या चहात माशी पडली. तिने चहावाल्याला असं झापलं, की शेवटी त्याने माशीचीसुद्धा माफी मागितली." मुलगी खिदळायची. मी दारात उभी राहून ऐकायचे. हा माणूस इतकं बोलू शकतो, हे मला दर महिन्याला नव्याने कळायचं. माझ्यासमोर गिळलेले सगळे शब्द तो पोरीसाठी साठवून ठेवत असावा.

एकमेकांचा भरवसा नाही म्हणून आम्ही बरोबर जात होतो. पोरीने त्यालाच प्रेम म्हणायचं ठरवलं, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

तिला लहानपणापासून वेड होतं तरंगणाऱ्या गोष्टींचं. बादलीत डब्यांची झाकणं सोडायची, माझ्या लॅबमधल्या टाकाऊ मेणाच्या होड्या करायची. बाप त्यांत छोटी छोटी पितळी वजनं ठेवायचा आणि होडी कधी कलते ते दोघं बादलीला नाक लावून बघत बसायची. माझी न्हाणीघराची पाळी कधीच वेळेवर यायची नाही. तो तिला ‘खलाशी’ म्हणायचा. पुढे ती बादलीतून कागदावर आली, कागदावरून गणितावर, आणि बारावीत असताना तिने सांगून टाकलं की मला जहाजं बांधायला शिकायचंय. ते कॉलेज समुद्राकाठी, एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवासाच्या अंतरावर. मी मनात म्हटलं, वा! इतकं लांब नसतं तरी चाललं असतं.

मी माझी तयारी करून ठेवली होती. लॅबच्या वर एक खोली आहे. मालकीणबाई तिथे पूर्वी जुने साचे ठेवायच्या. एक खिडकी, एक ओटा, मागे कोणाचंतरी चिंचेचं झाड. मी त्या खोलीत कॉट कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं. जेवायच्या सुट्टीत कधीकधी वर जाऊन नुसती बसायचे. कोणाचा चमचा नाही, कोणाचा रेडिओ नाही. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्यासाठी ठेवते, पण पुढच्या महिन्याच्या आत सांग. मागणारे पुष्कळ आहेत." त्याचंही काहीतरी चाललेलं असणार. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा फळीवर एकच ताट, एकच वाटी, एकच पेला, नवे कोरे, कागदात गुंडाळलेले दिसले. मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं, की आपण एकट्याच नाही.

मुलीला लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. त्या दिवशी तो सगळ्या जिन्याला पेढे वाटून आला आणि मी लॅबमध्ये दोन कवळ्या उलट्या घासल्या. फी भरायची शेवटची तारीख एका शनिवारी होती. आठवडाभर आधी, रात्रीच्या जेवणाला, तिने भात कालवता कालवता सांगितलं.

"मी इथल्याच कॉलेजात जाणार आहे. कॉमर्सला. कालच अर्ज भरला."

त्याचा घास हातात राहिला. मी म्हणाले, "का गं? जहाजाला काय झालं?"

"जहाजाला काही नाही झालं. मला इथून जायचं नाही." ती खाली बघून बोलत होती. "मैत्रिणींची घरं बघते ना मी. कोणाचे आईबाबा बोलत नाहीत, कोणाचे एकमेकांना ओरबाडतात. आपल्या घरासारखं घर सोडून मी चार वर्षं कुठे कोणाच्या हॉस्टेलात राहू?"

"अगं, पण पैसे साठवलेत ना तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"तेच तर सांगतेय. कॉमर्सला कितीसे लागणार? उरलेल्या पैशांत हे घर विकत घेऊन टाका. मी घरमालकांना विचारलंसुद्धा. ते तयार आहेत. तुमच्या दोघांच्या नावावर. आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलात माझ्यामुळे. आता म्हातारपणी तरी दोघं निवांत बसा."

तिचे डोळे भरून आले होते. माझेही भरले, पण कारण वेगळं होतं. दोघांच्या नावावर घर! मला ती लॅबवरची खोली दिसली, खिडकी दिसली, आणि खिडकीवर कोणीतरी बाहेरून फळ्या ठोकतंय असं वाटलं. मी उठून पाणी आणायला गेले, तर हंड्याशी तो आधीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. इतक्या वर्षांनी त्याच्याशी सरळ बोलायची वेळ आली तर त्याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’ तेच मला कळेना. ‘तुम्ही’ हे तिच्यासमोर बोलण्यापुरतं राखलेलं होतं.

"आता काय करायचं?" मी म्हणाले.

मी वाट पाहिली. वाट पाहणं माझ्या रक्तात नाही, तरी पाहिली.

"आपण फार चांगलं केलं," तो शेवटी म्हणाला. "तिथेच चुकलं."

"खरं सांगून टाकू."

"सांगितलं तर जाईल ती," तो म्हणाला. "पण बरोबर काय घेऊन जाईल?"

"येताना डिग्री घेऊन येईल. ते बघायचं की नाही?"

"तुला खोलीची घाई आहे." लॅबवरच्या खोलीचं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"आणि ते नवं ताट काय देवाला वाहायला आणलंय?"

तो चमकला. मग हसला. मलाही हसू आलं. किती वर्षांत आम्ही एका वेळी हसलो नव्हतो. त्याने मला काही फरक पडला नाही, उलट आणखी गुदमरल्यासारखं झालं. एखाद्या बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेली दोन माणसंसुद्धा हसतात की. म्हणून काय त्यांना तिथेच राहायचं असतं?

ठरलं असं, की खरं सांगायचं नाही, पण घर जरा कडू करायचं. रोज थोडं भांडायचं. पोरीला वाटेल, हे असं असेल तर समुद्र बरा. त्याच संध्याकाळी सुरुवात केली.

"आमटीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"मग स्वतः करा."

"करीन."

"करा की."

पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. ज्याच्यावर मनातल्या मनात इतकी वर्षं ओरडले, त्याच्यावर तोंडाने ओरडता येईना. माझ्या ताटात मीठ नव्हतं म्हणून त्याने मिठाची वाटी सवयीने माझ्याकडे सरकवली. मुलीला इतकं हसू आलं की ठसका लागला.

"तुम्हाला भांडतासुद्धा येत नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मला पळवून लावायला नाटक करताय ना? कळत नाही का मला? दोघांपैकी एकालाही अभिनय येत नाही, कसं व्हायचं तुमचं?"

त्याने मान खाली घातली. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

आठवडा असाच गेला. मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा "सांगते" म्हटलं. शुक्रवारी गच्चीवर कपडे वाळत घालायला ती माझ्याबरोबर आली. मी मनाशी पक्कं केलं होतं, आता सांगायचंच. चादरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या हातात.

"ऐक," मी म्हणाले. "तू आमच्यासाठी राहू नकोस. आम्ही काही..."

"आई, मला लहानपणी एक भीती होती," ती मध्येच म्हणाली. "वर्गातल्या एका मुलीला कोर्टात विचारलं होतं, तुला आईकडे राहायचंय की बाबांकडे. मी रोज घरी येऊन बघायचे, तुम्ही बोलताय ना. मग तुम्ही शनिवारी बँकेत जायचात आणि मी मावशींच्या गॅलरीतून कोपऱ्यापर्यंत बघायचे. तुम्ही दोघं बरोबर चालत येताना दिसलात की मला महिनाभर भीती वाटायची नाही."

तिने चादर झटकली आणि दोरीवर टाकली. मी चिमटे शोधत राहिले. चिमटे माझ्याच हातात होते. मी फटकळ बाई, जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नाही, आणि तेव्हा नुसती एकेक चिमटा चादरीला लावत गेले. मला पोरीचा राग आला, हेही सांगते. आम्ही तिच्यासाठी अडकून बसलो होतो, आणि आता ती आमच्यासाठी अडकून बसणार होती, आणि वर आम्ही तिचे आभार मानायचे होते.

शनिवार उजाडला. कॉमर्सची का होईना, फी काढायला दोघांच्या सह्या हव्याच होत्या. आम्ही निघालो तर ती चपला घालून दारात उभी.

"मीपण येणार. एवढी वर्षं नुसतं ऐकतेय तुमच्या त्या चहाच्या दुकानाचं. मला बघायचंय."

मावशी गॅलरीतून म्हणाल्या, "आज तिघंही! जा, जा, मजा करा."

बसमध्ये तिघांच्या सीटवर आम्ही बसलो, ती मध्ये. तो सगळ्या रस्त्याच्या गमती सांगत होता. मी पदर सावरत हसत होते. त्या वेळेपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही, त्याच्याही नाही. घरातलं सगळं आम्ही बसवलं होतं, हाक, जेवण, वाढदिवस. पण मावशींच्या गॅलरीपलीकडेही आपल्याला कोणी बघतंय, रोज नाही तरी महिन्याच्या महिन्याला बघतंय, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या मनातच आलं नव्हतं.

बँकेत गर्दी होती. टोकन हातात आलं, नंबर यायला अवकाश होता. "चला, तोवर चहा," म्हणत ती रस्ता ओलांडूनसुद्धा गेली.

दुकान रिकामं होतं. तिने मधलं टेबल निवडलं, आम्हाला समोरासमोर बसवलं आणि स्वतः बाजूची खुर्ची घेतली. "इथेच बसता का तुम्ही?"

"कुठेही बसतो," तो म्हणाला.

चहावाल्याला मी इतकी वर्षं बघतेय, पण त्याच्याशी कधी चार वाक्यं बोलले नव्हते. शांत माणूस. पाठ करूनच काम करायचा. शिरताना आम्हाला बघितलं असेल तेवढंच. तीन कप भरून, हातात ट्रे घेऊन तो आला तो सरळ खिडकीशी गेला आणि एक कप तिथल्या टेबलावर ठेवला. मग वळून भिंतीकडे गेला, पंखा लावला आणि दुसरा कप तिथे ठेवला. तिसरा कप घेऊन तो दुकानाच्या मध्ये उभा राहिला आणि तेव्हा त्याने आम्हाला नीट बघितलं.

"अरेच्चा," तो म्हणाला. "आज इकडे?"

"काका, तुम्ही यांना ओळखता?" मुलीने हसत विचारलं.

"ओळखतो म्हणजे काय! किती वर्षं येतात." त्याचा चेहरा उजळला. "हे साहेब खिडकीत, या बाई भिंतीजवळ. महिन्यातून एकदा, एकाच वेळी. दोघंही एकटी, दोघंही गप्प. आमची ही म्हणायची, बघा, दोघांची ओळख करून द्या, जमेल त्यांचं. मी मागे एकदा करून देणारही होतो, पण धीर झाला नाही." मग त्याने मुलीकडे बघितलं. "तुम्ही करून दिलीत वाटतं. छान केलंत."

त्याने तिसरा कप तिच्यासमोर ठेवला आणि तो आत गेला.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. मी टेबलावरची साखर बघत बसले. नवरा काटा थांबायची वाट बघावी तसा बसला होता. दोन्ही कपांतून वाफ येत होती, एक खिडकीजवळ, एक भिंतीजवळ.

"माशी कधी पडली होती?" मुलीने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"कसली माशी?" मी म्हणाले.

"तुझ्या चहात."

तो म्हणाला, "अगं, ते..." आणि थांबला. मला म्हणावंसं वाटलं, सांग की, पडली होती म्हण, खोटं बोल, तुला येतं ना! पहिल्यांदाच तिच्यासमोर तो माझ्यासमोर असतो तसा झाला.

"बाळा, आम्ही तुझ्यासाठी..." मी सुरुवात केली.

"हो," ती म्हणाली. "कळलं."

तिने खिडकीजवळच्या टेबलाकडे बघितलं. मग भिंतीजवळच्या टेबलाकडे. दोन्हीकडे बराच वेळ बघितलं, कुठल्या कपाशी जाऊन बसायचं ते ठरवत असल्यासारखं. मग स्वतःचा कप उचलून ती उठली आणि हात धुवायच्या बेसिनजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. तिथे कोणी बसत नाही, पाणी उडतं म्हणून. तिथे बसून तिने आमच्याकडे पाठ करून सगळा चहा संपवला.

"टोकनचा नंबर जाईल," ती उठून म्हणाली. "लांबच्या कॉलेजची फी काढा आणि इथूनच भरून टाका. आज शेवटची तारीख आहे. मी जाते तिकडे."

आम्ही सह्या केल्या. माझी सही जुळत नाही म्हणून काउंटरवरच्या मुलीने पुन्हा करायला लावली. पुन्हा केली. ज्या दिवसासाठी मी इतकी वर्षं दात आवळून काढली, तो दिवस असा काउंटरवर माझ्यासमोर पडला होता. मुलगी शिकणार होती, जहाजं बांधणार होती, लॅबवरची खोली माझी होती. हवं ते सगळं मिळालं होतं आणि मला तिथे बसून मोठ्याने रडावंसं वाटत होतं. रडले नाही. मागे रांग होती.

बसमध्ये ती सगळ्यात पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. तो नेहमीप्रमाणे मागे गेला. मीही नेहमीच्या जागी बसले, मग उठून त्याच्या शेजारी बसावं असं मनात आलं, पण ते कोणासाठी, हे कळेना.

थांब्यावर उतरलो. वळणावरून मावशींची गॅलरी दिसायला लागली. मावशी उभ्याच होत्या, हात हलवत. माझ्या हातात फळांची पिशवी होती, बँकेबाहेर घेतलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, ठरवून नाही, पोर पुढे चालली होती म्हणून, सवयीने.

"अहो, जरा पिशवी धरता का?"

मुलगी थांबली, पण मागे वळली नाही.

"आई," ती म्हणाली, "आता कशाला?"

त्याने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि आम्ही दोघं बरोबर चालत घरी आलो.